टाळ, मृदंग आणि चोपदाराचा दंड



दिंडीत पावली चालते तेव्हा तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. समोरासमोरचे टाळकरी एकाच वेळी पुढे येतात, एकाच वेळी मागे सरतात, वाकतात, आणि टाळ एकदम डोक्यावर जातात. 'आता पुढे, आता मागे' असे कोणी ओरडत नाही. मग पाऊल कधी बदलायचे हे इतक्या पायांना कळते कसे? आता कीर्तनाला उभे राहणे होत नाही. उमरीत घराच्या ओसरीवर बसून हा प्रश्न मनात घोळतो. त्याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे.

आपल्याकडे नाम, नाच आणि वाद्य कधी वेगळे नव्हतेच. आमच्या मराठवाड्यातल्या नरसीचे नामदेवराय कीर्तनात नाचत, हे तुम्ही लहानपणापासून ऐकले आहे. तुकोबारायांच्या मागे चौदा टाळकरी उभे असत. पुढे 1685 साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. पण आज आळंदीच्या सोहळ्यात दिसते ती शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. ते सातारा प्रांतीच्या आरफळचे, शिंद्यांच्या दरबारचे सरदार. 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींचा सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, वासकर आदी मंडळींनी दिंड्या आणल्या. फौज चालवलेल्या माणसाने भजनी मंडळींची रांग लावली, म्हणूनच रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आले, आणि चोपदाराच्या दंडाला मान आला.

आता दिंडीची मांडणी आठवा. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंगी, पाठीशी विणेकरी आणि त्यामागे तुळस घेतलेल्या मायबहिणी. विणेकरी मागे का, असे मी तरुणपणी विचारले होते. गुरुजी म्हणाले, "मागे उभ्या असलेल्यालाच सगळ्यांचे पाय दिसतात." चाल म्हणणारा चरण उचलतो, टाळकरी तो झेलतात, मृदंगी ठेका धरतो. पाऊल बदलायचे असले की मृदंगी डाव्या तोंडावर, जिथे कणीक लावलेली असते तिथे, एक भरीव थाप देतो आणि बोल बदलतो. टाळकऱ्याचा कान त्या थापेवर असतो. पण मृदंग्याची नजर कुठे असते? टाळकऱ्याच्या पायावर. पाय दमले दिसले की तो लय चढवत नाही. म्हणजे सांगणारा ऐकणाऱ्याकडे बघूनच सांगतो. हुकूम एकाच बाजूने येत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर मुक्कामाची समाजआरती पाहा. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाने आभाळ भरून जाते. चोपदार दंड उंच करतो आणि सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढाच टाळ वाजत राहतो. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, समजूत घालतो. मग तो टाळ थांबतो. हरवले-सापडले सांगितले जाते, उद्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. माउली, याचा अर्थ लक्षात घ्या. दंडाला मान आहे, पण टाळ वाजत ठेवण्याचा हक्कही दिंडीला आहे. वाद्य इथे फक्त साथ करत नाही, ते बोलते. आणि त्याचे ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे जात नाही.

हे मला एका चुकीने शिकवले. पंचविशीत माझा आवाज चांगला चढायचा. एका वारीत दुपारच्या उन्हात मी चाल द्रुत लयीत नेली. मृदंगी माझ्याच वयाचा, त्यालाही चेव आला. लोक डोलत होते, मला धन्य वाटत होते. मागून विणेकऱ्यांनी वीणेची तार जड हाताने छेडली. मी ऐकली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा छेडली आणि ते जागीच उभे राहिले. मागे पाहिले तर एक म्हातारे टाळकरी रस्त्याच्या कडेला बसले होते, छातीवर हात ठेवून. दैवयोगाने ते सावरले. मी पाया पडलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बाबा, तू गोड म्हणतोस, पण बघत नाहीस." त्यानंतर कीर्तनात उभा राहिलो की आधी टाळकऱ्यांच्या तोंडाकडे पाहायचो, मग चरण घ्यायचो.

परवा एका गावच्या सप्ताहाला गेलो होतो. काल्याच्या दिवशी दिंडी निघाली ती गाडीवरच्या मोठ्या स्पीकरमागून. पावली पेनड्राईव्हवरची. आवाज सुंदर होता, वाजवणाराही नामांकित असावा. पोरे जोरात नाचत होती. दोन मुले गळ्यात मृदंग अडकवून नुसतीच चालत होती. तुळस घेतलेली एक म्हातारी बरीच मागे पडली होती, आणि गाडी पुढे चालली होती. तो मृदंग तिच्यासाठी थांबू शकत नव्हता. त्याला तिचे पाय दिसतच नव्हते.

मी यंत्राचा शत्रू नाही. दूरच्यांना कीर्तन ऐकू यावे म्हणून मीही ध्वनिक्षेपकावर बोललो आहे. पण जिवंत आवाज मोठा करणे वेगळे आणि जिवंत माणसाची जागा यंत्राला देणे वेगळे. 1917 साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकून गेलेल्यांनी गावोगावी मुले तयार केली. ती मुले आजही आहेत. त्यांच्या गळ्यात मृदंग आहे. त्यांना वाजवू द्या. ठेका चुकला तर चुकू द्या, पाय पाहायला शिकतील.

यंदा आपल्या गावच्या सप्ताहात एवढे करा. दिंडी निघण्याआधी त्या पोराला जवळ बोलवा आणि रांगेतली सर्वांत म्हातारी माउली त्याला दाखवा. म्हणावे, तिचे पाऊल पडेल तशी थाप दे.

रामकृष्ण हरी.