परदेशी असलेल्या मुलांकडे आई-वडील थोडे दिवस जाणार : कोणता व्हिसा घ्यावा?

मनोरीहून मार्वेची बोट पकडून व्हिसाच्या कामाला निघालेले आई-वडील आता आम्हाला नवे राहिलेले नाहीत. मुलगी शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. आईला तीन-चार महिने जाऊन परत यायचे आहे. प्रश्न एवढाच असतो. पण 'एकदाच ग्रीन कार्ड काढून टाका, कटकट नको' असा सल्ला नातेवाइकांपासून एजंटापर्यंत सगळे देतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ग्रीन कार्ड हा लांब मुदतीचा व्हिसा नाही. तो अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना आहे. मुलगी अमेरिकन नागरिक असेल आणि तिने वयाची २१ वर्षे पूर्ण केली असतील तर ती आई-वडिलांसाठी अर्ज करू शकते, हे खरे. मात्र कार्ड घेऊन आई बहुतेक काळ इथेच राहिली, तर सहा महिन्यांहून लांबलेल्या गैरहजेरीबद्दल विमानतळावर विचारणा होते. पूर्वपरवानगीशिवाय एक वर्षाहून जास्त बाहेर राहिल्यास तिने तिथला रहिवास सोडला असे धरले जाऊ शकते. शिवाय इथली पेन्शन आणि ठेवींचे व्याजही अमेरिकेच्या कराच्या हिशेबात येते. ज्यांचे घर, दवाखाना आणि शेजारपाजार इथेच आहे त्यांच्यासाठी, आमच्या मते, साधा बी-२ व्हिसाच बरा.

हा व्हिसा भारतीयांना साधारणपणे १० वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळतो. इथे सर्वांत जास्त गल्लत होते. दहा वर्षे ही व्हिसाची मुदत, मुक्कामाची नव्हे. एका खेपेला किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने मिळतात आणि नेमकी तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती ऑनलाइन पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती तारीख ओलांडली की तो व्हिसा रद्द ठरतो. सहा महिने तिथे, दोन महिने इथे, पुन्हा सहा महिने तिथे असे केले तर 'तुम्ही इथे राहताच आहात' असे पुढच्या खेपेला ऐकावे लागेल.

कॅनडात 'सुपर व्हिसा' आहे. २०२२ पासून त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलगा तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी हवा, त्याचे उत्पन्न ठरलेल्या पातळीइतके हवे, आई-वडिलांची वैद्यकीय तपासणी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्यविमा हवा. मुलगा अजून विद्यार्थी असेल तर विषयच मिटला. तीन महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला? साध्या व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिने मिळतातच.

ब्रिटनमध्येही एका खेपेला सहाच महिने. युरोपातल्या शेंगेन देशांत मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि ३० हजार युरोचा विमा सक्तीचा.

नातवंडाला सांभाळायला जाते, असे आई मुलाखतीत सहज सांगून जाते. आजीने नातवंडाजवळ राहणे गैर नाही. पण बोलण्यातून 'बिनपगारी दाई' असे चित्र उभे राहिले तर अडचण होते. खोटे बोलू नका. भेटीला जाते, अमुक तारखेला परत येते, हे सरळ सांगा. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मराठीतून बोलता येते.

आपल्याकडे जमीनजुमला नसतो, म्हणून लोक आधीच खचतात. परत येण्याचा पुरावा म्हणजे सातबाराच हवा असे नाही. पालिकेतून निवृत्त झालेल्या वडिलांचा पेन्शनचा आदेश, इथे असलेली दुसरी मुले, चालू असलेले उपचार हेही भक्कम कागद आहेत. त्याउलट एजंटाने पंधरा दिवसांसाठी खात्यात ठेवलेले उसने पैसे लगेच दिसतात. खोटी माहिती सापडली तर कॅनडात ५ वर्षे, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत आणि अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते. आधीचा नकारही लपवू नका.

पासपोर्टच नसेल तर सुरुवात मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रापासून. जुन्या माणसांकडे जन्मदाखला नसतो. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅनही चालतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना, दहावी झालेली नसली तरी, ईसीआर शिक्का लागत नाही. आधार, पॅन आणि पेन्शनच्या कागदांवर आईचे नाव तीन तऱ्हेने लिहिलेले असेल तर ते आधी दुरुस्त करा, तिकीट नंतर.