घुमक्यापासून बेस गिटारपर्यंत : मागच्या रांगेतल्या वादकाचा इतिहास



परवा एका तरुण वादकाचा फोन आला. सांगली जिल्ह्यातल्या एका भीमगीतांच्या ग्रुपमध्ये तो बेस गिटार वाजवतो. "दादा, अ‍ॅम्प कुठला घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न होता. बोलता बोलता कळले, की एप्रिल महिन्यात त्याने सात कार्यक्रम केले आणि त्यातल्या पाच ठिकाणी 'समाजाचं काम आहे' म्हणून गाडीभाडेसुद्धा मिळाले नाही. पोस्टरवर गायकाचे नाव, ढोलकीवाल्याचे नाव, साऊंडवाल्याचा मोबाईल नंबर. याचे नाव कुठेच नाही. "जाऊ द्या दादा, बेस कुणाला ऐकू येतो?" असे म्हणून तो हसला.

मला हसू आले नाही. कारण हे वाक्य आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत शेकडो वर्षे बोलले गेले आहे. फक्त तेव्हा वाद्य वेगळे होते.

आपल्या भागात कुस्तीचे मैदान असो, देवाची पालखी असो वा लग्नाची वरात, हलगी, घुमकं आणि कैताळ यांच्याशिवाय काही हलत नाही. कुंडलच्या मैदानात पैलवान शड्डू ठोकतो तो हलगीच्या कडकडाटावर. हलगी पुढे असते, ती सगळ्यांना दिसते. पण तिच्या खाली जो जाड, घुमणारा आवाज चालतो तो घुमक्याचा. तो थांबला तर हलगी पोरकी वाटते. पाश्चात्त्य बँडमध्ये बेस जे काम करतो, तेच काम आपल्याकडे घुमकं करत आले आहे. म्हणजे बेस वाजवणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. परका आहे तो फक्त गिटारचा आकार.

आता प्रश्न असा, की घुमकं कोण वाजवत होते आणि कोणत्या अटींवर? हे काम आमच्या भागात प्रामुख्याने मातंग समाजाकडे आणि काही गावांत महारांकडेही होते. गावगाड्यात ती कला मानली गेली नाही, ते 'काम' होते आणि ते जातीने वाटून दिलेले होते. त्या कामाच्या तीन अटी होत्या. पहिली अट, नकार देता येणार नाही. पाटलाचा निरोप आला की हातातले टाकून जायचे. दुसरी अट, दाम ठरवता येणार नाही; सुगीला जे पदरात पडेल ते, नाहीतर शिळा तुकडा. तिसरी अट, नाव राहणार नाही. वाजवणारा देवळाबाहेर उभा राहणार आणि लोक त्याला त्याच्या जातीच्या नावानेच हाक मारणार. ज्याच्या वाजवण्याने देव जागा होतो, त्याला त्या देवाच्या पायरीवर जागा नाही!

याच जिल्ह्यातले दुसरे चित्र पाहा. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार कुटुंबातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी भोपळ्याचा तंबोरा घडवला. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची असते. गायक त्या खर्जावर विसंबून गातो, मैफलीत तिला मान मिळतो. या कारागिरांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. तेही कष्टकरी मुसलमान बहुजनच. पण विचार करा, तंबोऱ्याचा खर्जही आधार देतो आणि घुमक्याचा खर्जही आधार देतो. मग एक शास्त्रीय आणि दुसरा गावंढळ कसा? आवाज उच्च-नीच नसतो. तो कुणाच्या हातून निघतो आणि कुणाच्या दिवाणखान्यात वाजतो, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. श्रेणीबद्ध विषमता माणसांपुरती थांबली नाही, तिने वाद्यांनाही जाती दिल्या.

आता पठ्ठे बापूरावांचे उदाहरण घ्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी. ब्राह्मण कुळात जन्मून ते तमाशात आले, पवळाबाईंसोबत त्यांनी फड गाजवला. त्यांचे धाडस मोठे होते, त्याची किंमतही त्यांनी मोजली. पण ती त्यांची निवड होती. त्याच फडात मागे उभे राहून साथ करणाऱ्या बहुतेकांना निवड नव्हती. म्हणून बापूरावांचे नाव इतिहासात आहे, पवळाबाईंचे त्यांच्या नावाला जोडून आहे आणि मागच्या रांगेची नावे शोधायला गेलो तर हाती शून्य लागते.

बाबासाहेबांनी नेमके याच अटींवर घाव घातला. १९२७ साली महाडला त्यांनी लाचारीची कामे सोडण्याची हाक दिली. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. गावकीच्या कामाचा मोबदला ठरलेला आणि हक्काचा असला पाहिजे, हा त्यामागचा मुद्दा होता. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगाव आपल्या लोकांनी यात्रेत वाजवायचे काम सोडले. अनेक ठिकाणी त्यासाठी बहिष्कार सोसला. तो नकार हा आपल्या इतिहासातला मोठा क्षण आहे, त्याला मी कमी लेखत नाही.

पण इथे एक गल्लत झाली, ती मान्य केली पाहिजे. आपण अटी नाकारल्या आणि सोबत वाद्यालाही नाकारले. हलगी म्हणजे गुलामी, असे समीकरण डोक्यात बसले. मग आपल्यापैकी काही जण मातंग भावाकडे त्याच नजरेने बघू लागले, ज्या नजरेने गाव आपल्याकडे बघत होते. हे बाबासाहेबांना अपेक्षित होते काय? जातिव्यवस्था कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते, हा त्यांचा सिद्धांत आपण पाठ केला. मग दोष वाद्यात होता की वाटणीत?

याचे उत्तर चळवळीनेच देऊन ठेवले आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला आणि पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. सातारा जिल्हा तर त्यांचा बालेकिल्लाच. तमाशाचा साचा तोच, ढोलकी तीच, तुणतुणे तेच. आशय मात्र सावकारशाही आणि भटशाहीवर तुटून पडणारा. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. १९३१ च्या सुमारास नाशकात भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला आणि बाबासाहेबांचा विचार निरक्षर वस्त्यांपर्यंत पोहोचवला. आपल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढले. त्या कलापथकाच्या डफ-ढोलकीने गिरणगाव हलवले. मातंग घरातल्या मुलाला ज्या वाद्यांनी गावकुसाबाहेर ठेवले, त्याच वाद्यांच्या जोरावर तो जगभर पोहोचला. वाद्य तेच राहिले आणि अटी बदलल्या. कोणासाठी वाजवायचे हे वादकाने स्वतः ठरवले.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवला जेम्स जेमर्सन या कृष्णवर्णीय वादकाने. साऱ्या जगाने त्याच्या बोटांवर ठेका धरला, पण वर्षानुवर्षे रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावेच नसत. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या अल्बमवर ती छापली गेली. इकडे चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडने पराई या 'अस्पृश्य' ठरवलेल्या वाद्यासोबत बेस गिटार उभी केली. घुमक्याच्या वारसाने बेस हातात घेणे ही नक्कल नाही, हेच त्यातून दिसते.

आता त्या भावाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी स्वतः वादक नाही, पण आमच्या कलापथकासोबत फिरून आणि वादकांना विचारून जे शिकलो ते सांगतो.

पहिले, महाग बेसच्या मागे लागू नका. चार तारांची, सरळ मानेची जुनी बेस चालते. घेताना बाराव्या पडद्यावर स्वर वाजवून बघा. मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात जुळला पाहिजे. दुसरे, साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये बेस जोरात वाजवू नका, स्पीकर फाटतो. सरावाला बेसचा लहान अ‍ॅम्प पुरतो. मोकळ्या मैदानात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. डीआय बॉक्स सोबत ठेवा आणि थेट मिक्सरला आवाज द्या. तिसरे, मंडपात जनरेटर असतो आणि अर्थिंगचा पत्ता नसतो. एक हात तारेवर ठेवून ओठ माइकला लावण्याआधी टेस्टरने तपासा. जीव गेला तर कमिटी फार तर शोकसभा घेईल.

चौथे, आपले गायक 'काळी दोन', 'काळी चार' अशी पट्टी सांगतात. ती बोटांवर पाठ हवी. बेसची सर्वात जाड मोकळी तार पांढरी तीनची असते. गायक काळी एकमध्ये गात असेल तर 'सा' दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळेल, काळी दोनला सहाव्यावर. पाचवे, ढोलकीची धुम आणि तुमची बेस एकाच मजल्यावर राहतात. दोघे एकदम बोलले तर चिखल होतो. धुम जिथे पडते तिथे स्वर आखूड ठेवा, ती गप्प होते तिथे लांबवा. घुमकं वाजवणाऱ्या एखाद्या जुन्या वादकाशेजारी दोन तास बसा. हलगीला जागा कशी द्यायची हे त्याच्याइतके चांगले कुणी शिकवणार नाही.

आणि सहावे, सगळ्यात महत्त्वाचे. कार्यक्रम ठरताना तीन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या : मानधन आणि अ‍ॅडव्हान्स, प्रवास-जेवण, पोस्टरवर नाव. हे पटत नसेल तर नकार द्या. फुकट वाजवायचे असेल तर जरूर वाजवा, पण ते तुमचे दान असू द्या, तुमच्यावर लादलेली वेठ नको.

आता जयंती कमिट्यांना एक प्रश्न. आमच्याकडे साऊंड सिस्टीमला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. तिच्या भिंतीसाठी वर्गणीतला मोठा वाटा जातो, कारण ते भाडे रोख मागतात. आपल्या पोरांना मात्र समाजकार्याची आठवण करून दिली जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ अशी मर्यादा आहे. ती मोडून आपल्याच वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे काळीज धडधडवणारा बेस आपण विकत घेतो आणि ज्याच्या बोटात विचार आहे त्या बेसवाल्याला उपाशी परत पाठवतो. नकार नाही, दाम नाही, नाव नाही, या पाटलाच्या तीन अटी आज निळ्या झेंड्याखाली आपणच लावत असू, तर आपण गावगाडा सोडला कुठे?

७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून आपण तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो. यंदा त्या दिवशी आपापल्या विहारात वाद्यांचा एक वर्ग सुरू करू या. शिकवायला मातंग वस्तीतल्या हलगी-घुमक्याच्या उस्तादांना मानाने आणि मानधन देऊन बोलवू या. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे पूर्ण नाव लिहू या.

त्या भावाला मी शेवटी एवढेच म्हणालो, "अ‍ॅम्प पुढच्या महिन्यात घे. आधी पोस्टरवर नाव घे."

जय भीम! जय अण्णाभाऊ!