१७. पळींज
दाणा न भरल्याने पोकळ राहिलेले भाताचे टरफल, शब्द कोकणातला. भाताचे फूल सकाळी जेमतेम तासभर उघडते. त्याच वेळी पावसाची झड लागली किंवा पारा ३५ अंशांपुढे गेला, तर बरेच दाणे धरतच नाहीत. धरलेला दाणा दुधाळ होऊन पुढे महिनाभरात भरतो. त्यासाठीची साखर मुख्यतः वरच्या दोन-तीन पानांतून येते, तेव्हा करपा पडला की दाणे पोचट. टरफलाचे माप फुलण्याआधीच ठरलेले असल्याने भरलेले दाणे आणखी फुगून ही तूट भरून काढत नाहीत. लोंबीच्या बुडाकडचे दाणे उशिरा फुलतात, पळींजही तिथेच अधिक. ज्या मजकुरावर ही टीप आहे त्यात लेखकाने लोंब्या ‘ताठ’ म्हटल्या आहेत ते कौतुकाने नव्हे. भरल्या असत्या तर त्या वाकल्या असत्या.