लोणी, सॉसेज आणि सत्तावीस वर्षांचा डॉक्टर

'सोमवारपासून डाएट' सुरू करणाऱ्यांची आपल्या आयटी पार्कांमधली संख्या कोणी मोजलेली नाही, पण मोजली तर सर्व्हर क्रॅश होईल असा माझा अंदाज आहे. त्यातले बहुतेक जण बुधवारपर्यंत कॅन्टीनच्या समोशाकडे परत येतात. मग आपण म्हणतो, विलपॉवर नाही रे! दोष माणसाचा, समोसा निर्दोष.

आजची गोष्ट एका अख्ख्या प्रांताने डाएट केलं त्याची आहे. माणसं साधारण एक लाख ऐंशी हजार. वर्ष १९७२. ठिकाण फिनलंडच्या पूर्वेला, तेव्हाच्या सोव्हिएत सीमेला खेटून असलेलं नॉर्थ कॅरेलिया. जंगल, तळी, सहा महिने बर्फ आणि मधूनमधून एखादं गाव. आणि त्या गावांतले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हार्ट अॅटॅकने पटापट मरत होते. इतके, की जगात ज्या देशांकडे धड आकडे होते त्यात सगळ्यात वाईट आकडे इथले होते.

गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की ही माणसं ऑफिसात बसून पोट सुटलेली नव्हती. लाकूडतोडे आणि शेतकरी. दिवसभर बर्फात कुऱ्हाड चालवणारे, पिळदार शरीराचे. अॅन्सेल कीज नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ पन्नाशीच्या दशकात तिथे गेला होता. सात देशांतल्या पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा त्याचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला आणि वादग्रस्तही. या अभ्यासातला पूर्व फिनलंडचा गट नॉर्थ कॅरेलियातल्या इलोमान्त्सी भागातला होता. तिथले लाकूडतोडे सॉनातून बाहेर आले की पावाच्या स्लाइसएवढा चीजचा जाड तुकडा घेत, त्यावर लोणी थापत आणि बिअरबरोबर खात, असं कीजने लिहून ठेवलंय. चीजवर लोणी! आपल्याकडचे चीज-बटर-मस्का-पाववालेसुद्धा इथे हात टेकतील. दहा वर्षांनी हिशोब केला तेव्हा कीजच्या यादीत क्रीट बेटावरच्या पुरुषांचे हृदयविकाराने झालेले मृत्यू सर्वांत कमी निघाले आणि पूर्व फिनलंडचे सर्वांत जास्त.

आता हे लोक असं का खात होते? इथे थोडा इतिहास बघायला हवा, कारण 'त्यांना अक्कल नव्हती' हे उत्तर चुकीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडला आपल्या कॅरेलियाचा मोठा भाग सोव्हिएत युनियनला द्यावा लागला. चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून अलीकडे आली. १९४५ मध्ये कायदा करून सरकारने या विस्थापितांना आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनीचे छोटे छोटे तुकडे दिले. बरेचसे तुकडे म्हणजे नुसतं जंगल. झाडं तोडा, दगड काढा, शेत करा. एवढ्या थंडीत भाजीपाला पिकवणं कठीण, पण गवत चांगलं वाढतं. म्हणून गाय. मग दूध, लोणी, डुक्कर. युद्धाच्या काळात उपासमार बघितलेल्या पिढीला ताटात लोणी असणं म्हणजे काय वाटलं असेल? लोणी हा गरिबी संपल्याचा पुरावा होता. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत 'साजूक तुपातलं' या शब्दाला जे वजन होतं, तेच. हिरवा पाला मात्र जनावरांचा चारा मानला जायचा. माणसाने काय गवत खायचं?

त्यात साठीच्या दशकात जंगलात यांत्रिक करवती आणि ट्रॅक्टर आले. अंगमेहनत कमी होत गेली, जेवण तेवढंच राहिलं. निम्म्याहून जास्त पुरुष (५२ टक्के) सिगारेट ओढणारे. पावाला लोणी लावणारे दहातले जवळजवळ नऊ.

आकडेवारी वर्तमानपत्रांत यायला लागली तसे लोक अस्वस्थ झाले. घरोघरी कुणाचा तरी बाप, भाऊ, नवरा गेलेला होताच. जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे गव्हर्नर एसा टिमोनेन, तिथले खासदार आणि संस्थांचे प्रतिनिधी यांनी मिळून सरकारकडे अर्ज केला, की आमच्याकडे काहीतरी करा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुणी तज्ज्ञ राजधानीतून येऊन 'तुमचं चुकतंय' म्हणाला नाही, मदत लोकांनीच मागितली. पुढचं अर्धं काम त्या अर्जानेच झालं होतं.

प्रकल्प सुरू झाला १९७२ मध्ये. त्याचा प्रमुख नेमला पेक्का पुस्का. वय वर्षं सत्तावीस. (या वयात आपण प्रोजेक्ट मॅनेजरसमोर लीव्ह मागायला घाबरतो!) हा डॉक्टर तर होताच, पण त्याने राज्यशास्त्राची पदवीही घेतली होती, आणि माझ्या मते गोष्टीतला खरा हीरो हे राज्यशास्त्र आहे. कारण निव्वळ डॉक्टरने काय केलं असतं? हाय-रिस्क पेशंट शोधले असते, त्यांना गोळ्या आणि डाएट चार्ट दिला असता. पुस्काच्या टीमने उलटं गणित मांडलं. बहुतेक हार्ट अॅटॅक अतिधोक्याच्या मूठभर लोकांना येत नाहीत, ते थोडाफार धोका असलेल्या भल्यामोठ्या गर्दीतून येतात. म्हणजे एकेक बग पकडत बसण्यापेक्षा डीफॉल्ट सेटिंग बदला. सगळ्या प्रांताचं.

आणि डीफॉल्ट सेटिंग कुठे असतं? स्वयंपाकघरात.

फिनलंडमध्ये मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे, १८९९ पासूनची. गावोगाव शाखा. पुस्काने त्यांना गाठलं. दोघांनी मिळून गावात 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरवायला सुरुवात केली. आधी हृदयविकारावर छोटंसं बोलायचं, मग सगळ्यांनी मिळून रांधायचं आणि जेवायचं. पदार्थ नवीन नव्हते, हे बघा. तिथे मांसाचा एक पारंपरिक रस्सा असतो, भांडं तासन्‌तास ओव्हनमध्ये ठेवून शिजवलेला: चरबीदार मांस, मीठ, पाणी, संपलं. तोच रस्सा, पण मांस थोडं कमी आणि त्यात गाजर, बटाटा, सलगमासारखे कंद. बायकांना आवडला आणि त्यांनी त्याला पुस्काचंच नाव देऊन टाकलं. (फिनिश भाषेत पुस्का म्हणजे झुडूप. पाला खायला सांगणाऱ्या माणसाचं आडनाव झुडूप, हे कुणी ठरवून केलं असतं तर फार बाळबोध वाटलं असतं.)

इथे मी जरा रेंगाळतो, कारण आपल्याकडे नेमकं उलटं होतं. चाळीस वर्षं पोहे, मिसळ, वडापाव, पुरणपोळी खाल्लेल्या माणसाच्या हातात किन्वा आणि अॅव्होकाडोचा कागद देतात. त्या कागदाचा त्याच्या जिभेशी, खिशाशी, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी काही संबंध नसतो. कॅरेलियात कुणी ऑलिव्ह ऑइल आणायला सांगितलं नाही. बायकांना सांगितलं, तुझाच पदार्थ, फक्त प्रमाण बदल. जीभ हळूहळू सरावते. मिठाचं तर नक्कीच तसं आहे, काही आठवडे कमी मीठ खाल्लं की जुनं खारट लागायला लागतं.

पण नुसत्या मेजवान्यांनी काय होणार, दुकानात जे मिळतं तेच घरी येतं. मग टीम दुकानदारांकडे गेली, बेकऱ्यांकडे गेली, मीठ कमी करा म्हणून. सॉसेज बनवणाऱ्यांकडे गेली, तेव्हा चरबीचा काही भाग काढून त्याजागी मश्रूम घातलेलं सॉसेज निघालं. सॉसेज खाऊ नका असं सांगून तिथे कोण ऐकणार होतं! गावातल्या चारचौघांत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा शेकडो लोकांना प्रशिक्षण दिलं. नर्सेसनी गावोगाव ब्लडप्रेशर तपासणी सुरू केली. १९७८ पासून राष्ट्रीय टीव्हीवर कार्यक्रम आले, ज्यात सिगारेट सोडू पाहणारे खरे लोक स्टुडिओत बसून आठवड्यामागून आठवडे आपली रडकथा सांगत. रिअॅलिटी शो हा शब्द रुळायच्या कितीतरी आधी. नंतर तर गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्पर्धा झाल्या. आपल्याकडे गणेश मंडळांत अशी स्पर्धा लावली तर काय धमाल येईल..

मोठी लढाई मात्र दुधाची होती. शेतकऱ्याला दुधाचे पैसे फॅटवर मिळायचे (आपल्याकडच्या डेअरीत दूध घातलेल्यांना हे माहीत आहे). लोणी खाऊ नका म्हणजे त्याच्या पोटावर पाय. डेअरीवाल्यांनी उघड विरोध केला, आणि मला त्यांचा राग येत नाही. कालपर्यंत याच लोकांना 'जंगल तोडा, गाय पाळा' असं देशाने सांगितलं होतं. यावर उत्तर निघायला वेळ लागला, पण ते नैतिक उपदेशाचं नव्हतं, पैशाचं होतं. फिनलंडच्या थंडीत येईल असं रेपसीड (आपल्या मोहरीच्याच कुळातलं) लावून देशी तेल तयार होऊ लागलं. १९८५ मध्ये नॉर्थ कॅरेलियात बेरीचा प्रकल्प सुरू झाला. उन्हाळा छोटा, पण बेरी मुबलक. फ्रीझ करून वर्षभर खा, आणि शेतकऱ्याला दुधाऐवजी बेरीचं उत्पन्न. फळं परदेशातून आणायची गरज नाही.

आणखी एक मजेशीर तपशील कॉफीचा. फिनिश लोक कॉफी बेसुमार पितात, आणि पूर्वी ती चहासारखी उकळून प्यायचे. उकळलेल्या कॉफीत एक तेलकट घटक उरतो जो कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदाच्या फिल्टरमध्ये तो अडकतो. फिनलंडमध्ये फिल्टर मशीनं आली आणि कुणाला कळायच्या आत थोडं कोलेस्टेरॉल आपोआप उतरलं. यात कुणाची विलपॉवर लागली?

आता निकाल. १९६९-७१ च्या सुमारास इथले ३५ ते ६४ वयाचे पुरुष दर लाखामागे वर्षाला सुमारे ६९० या प्रमाणात हृदयविकाराने मरत होते. २००६ पर्यंत हा आकडा शंभरच्या आसपास आला. म्हणजे साधारण ८५ टक्के घट. देशातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९७१ मध्ये ६६ च्या आसपास होतं, ते २००६ मध्ये ७५ च्या पुढे गेलं.

लगेच टाळ्या वाजवू नका, कारण इथे एक भानगड आहे. तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत घेतला होता. तिथे काही करायचं नाही, फक्त मोजायचं. आपल्या भाषेत कंट्रोल ग्रूप. सुरुवातीच्या वर्षांत नॉर्थ कॅरेलियाची घसरण उरलेल्या देशापेक्षा वेगवान होती, पण मग कुओपिओतही मृत्यू घटले, देशभर घटले. टीकाकार म्हणाले, मग तुमच्या प्रकल्पाने काय केलं? प्रश्न रास्त आहे. बायपास आली, चांगली औषधं आली, स्टॅटिन्स आली, त्यांचाही वाटा आहे. १९८२ ते १९९७ या काळाच्या एका अभ्यासाने उपचारांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आणि रिस्क फॅक्टर सुधारल्याचा वाटा निम्म्याहून जास्त ठरवला. पण त्यातला किती पुस्काचा, किती काळाचा? वेगळं काढता येत नाही. टीव्ही देशभर दिसत होता, सॉसेज आणि तेल देशभर विकलं जात होतं, आणि १९७७ नंतर तर ही पद्धत अधिकृतपणेच सगळीकडे नेली. कंट्रोल ग्रूपने चोरून तुमचं फीचर वापरायला सुरुवात केली तर टेस्ट बिघडते हे खरं, पण फीचर वाईट होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. माझं मत विचाराल तर एवढ्या माणसांच्या सवयी आपोआप बदलत नाहीत. पण हे मत आहे, पुरावा नव्हे.

'तुपाला उगाच बदनाम केलं, आता सगळं बदललंय' असं म्हणणारेही भेटतील. कीजच्या अभ्यासावर बरीच टीका झाली आहे, आणि सॅच्युरेटेड फॅटच्या जागी तुम्ही काय खाता यावर खूप काही अवलंबून आहे, हे आता नीट कळलंय. लोणी सोडून बिस्किटं खाल्लीत तर काही कमावलं नाही. कॅरेलियन लोकांनी लोण्याच्या जागी वनस्पती तेल, भाज्या आणि बेरी आणल्या होत्या, मैदा आणि साखर नव्हे. आणि एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलं की धोका वाढतो, हे आजही तितकंच पक्कं आहे.

१९९३ मध्ये फिनलंडने जास्त मीठ असलेल्या पदार्थांवर तसं छापणं सक्तीचं केलं. १९९७ मध्ये प्रकल्प अधिकृतपणे संपला. पुस्का पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेला, मग फिनलंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचा प्रमुख झाला, आणि २०१७ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, खासदार. राज्यशास्त्र शेवटी उपयोगी पडलंच!

आणि २०१० च्या सुमारास फिनलंडमध्ये लो-कार्बची लाट आली. लोणी परत फॅशनमध्ये आलं, त्याचा खप वाढला. पस्तीस वर्षं सतत उतरत आलेली देशाची कोलेस्टेरॉलची सरासरी २००७ ते २०१२ च्या दरम्यान पहिल्यांदा थोडी वर गेली. यावेळी लोणी खाणारे लाकूडतोडे नव्हते.