वैद्याची वही

चित्रगुप्ताच्या वहींत माणसाच्या पापपुण्याचा हिशेब असतो, आणि ती वाचून दाखविण्याची वेळ येते माणूस मेल्यावर. वैद्याच्या वहीचें सार्थक याच्या अगदीं उलट आहे. ती माणूस जिवंत असतांना वाचली पाहिजे. ही गोष्ट दिसावयास साधी. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत ती फार उशिरां उमगली. रोग्यांच्या नोंदी पूर्वींही होत. पण त्या बहुधा देण्याघेण्याच्या हिशेबापुरत्या किंवा वरिष्ठांकडे पाठविण्यापुरत्या. त्याच नोंदींवरून वैद्यास आपल्या स्वतःच्या कामाची परीक्षा घेतां येते, हें ज्यांच्या उदाहरणानें स्पष्ट झालें असे दोन डॉक्टर ब्रिटनच्या दोन खोऱ्यांत होऊन गेले. त्यांची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत वेन्स्लेडेल नांवाचें खोरें आहे. तेथील आयस्गार्थ या गांवीं डॉ. विल्यम पिकल्स यांनीं आपलें बहुतेक आयुष्य घालविलें. खेडीं लहान व एकमेकांपासून सुटीं. त्यामुळें कोण कोणास केव्हां भेटला, हें डॉक्टरांस सहज कळे. पिकल्स चौकटीच्या कागदावर गांवोगांवच्या सांसर्गिक रोग्यांची दिवसवार नोंद करीत आणि निरनिराळ्या रोगांस निरनिराळे रंग देत. १९२९ सालीं या खोऱ्यांत काविळीची सांथ आली, आणि सुमारें ५,७०० वस्तींपैकीं जवळजवळ २५० माणसें आजारी पडलीं. ज्या मुलीस सकाळीं अंथरुणांत पाहून डॉक्टर परतले, ती त्याच दिवशीं उठून गांवच्या उत्सवास गेली होती! अशा भेटींच्या तारखा व पुढील दुखण्यांच्या तारखा ताडून त्यांनीं रोग अंगांत शिरल्यापासून प्रकट होईपर्यंतचा काळ २६ ते ३५ दिवसांचा ठरविला. यासाठीं ना प्रयोगशाळा लागली, ना मोठें इस्पितळ. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३९ सालीं निघाला, आणि पुढें ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांचें कॉलेज स्थापन झाल्यावर १९५३ सालीं त्याचें पहिलें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें.

तथापि पिकल्स यांच्या वहीस एक मर्यादा होती. जो रोगी डॉक्टरांस बोलावी, त्याचीच नोंद तींत होई. ताप, पुरळ, कावीळ यांसारखे रोग माणसास स्वस्थ बसूं देत नाहींत, म्हणून तेवढ्यावर भागलें. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, ते वर्षानुवर्षें मुकाट्यानें घर करून राहतात. रक्तदाब वाढलेल्या माणसाचें बहुधा कांहींच दुखत नाहीं; एके दिवशीं पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हां घरच्यांस कळतें. जो दवाखान्याची पायरीच चढत नाहीं, त्याचें नांव वहींत कोठून असणार?

या प्रश्नाचें उत्तर साउथ वेल्समधील डॉ. ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनीं दिलें. १९६१ सालीं ते ग्लिनकॉरुग या कोळशाच्या खाणीच्या गांवीं गेले. गांवची वस्ती सुमारें दोन हजार. कष्टाची, आणि पुढें खाण बंद झाल्यावर बेकारीचीही. १९४८ पासून ब्रिटनमध्यें डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य झालेला होता आणि प्रत्येक कुटुंबाचें नांव कोणा ना कोणा डॉक्टरांच्या यादींत असे. म्हणजे आजाऱ्यांबरोबर न येणाऱ्यांचींही नांवें डॉक्टरांच्या हातीं होतीं. हार्ट यांनीं या यादीचें मोल ओळखलें. १९६८ पासून २० ते ६४ वर्षें वयाच्या सर्व स्त्रीपुरुषांचा रक्तदाब मोजण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. कोणी खोकल्यासाठीं येवो, कोणी दाखल्यासाठीं. त्याच्या दंडास पट्टा बांधलाच. जे उरले त्यांचा पाठपुरावा केला. अशा रीतीनें जवळजवळ सारें गांव मोजलें गेलें, आणि १९७० सालीं हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला.

अशा मोजणीची आवश्यकता किती, हें डॉक्टरांच्या अनुभवांतील ‘अर्ध्यांच्या नियमा’वरून ध्यानांत येईल. रक्तदाब वाढलेल्यांपैकीं निम्म्यांचा कोणास पत्ता नसतो. पत्ता असलेल्यांपैकीं निम्म्यांवर उपचार होत नाहींत. आणि उपचार होणाऱ्यांपैकीं निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यांत येतो. आठांतील एक सुटला, सात तसेच राहिले! दवाखान्याच्या बांकावर बसलेल्या गर्दीकडे पाहून हे सात दिसत नाहींत. ते यादींतच दिसतात.

हार्ट येथेंच थांबले नाहींत. आपल्या यादींतील लागोपाठच्या ५०० मृत्यूंची त्यांनीं एका सहकाऱ्यासह छाननी केली आणि १९८७ सालीं ती प्रसिद्ध केली. यांतील काय टळण्यासारखें होतें? रोग्याकडून काय राहिलें, इस्पितळाकडून काय, आणि आपल्या स्वतःकडून काय? हा तिसरा प्रश्न विचारावयास धैर्य लागतें. कारण त्याचें उत्तर आपल्याच हस्ताक्षरांत लिहिलेलें असतें.

फळ काय झालें? १९८१ ते १९८६ या काळांत ग्लिनकॉरुगमधील पासष्ट वर्षांखालील मृत्यूंचें प्रमाण शेजारच्या तशाच एका गांवापेक्षां सुमारें २८ टक्क्यांनीं कमी आढळलें. दोन लहान गांवांच्या तुलनेनें सिद्धान्त ठरत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे; परंतु पंचवीस वर्षांच्या चिकाटीचा तो पुरावा उपेक्षणीयही नव्हे. याच डॉक्टरांनीं १९७१ सालीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, जेथें वैद्यकाची गरज सर्वांत अधिक, तेथेंच चांगलें वैद्यक सर्वांत कमी मिळतें. आणि बाजाराचें राज्य जितकें मोकळें, तितका हा उलटा न्याय तीव्र होतो.

आतां वहीच्या जागीं संगणक आला आहे. २००४ पासून ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या मोबदल्याचा कांहीं भागही अशा आंकड्यांवर ठरूं लागला. त्यांत लाभ आहे, तसें भयही आहे. आंकडा भरणें हेंच काम होऊन बसलें, म्हणजे वही पुनः हिशेबाची होते. आपल्याकडेही नोंदवह्या उदंड भरल्या जातात. त्यांची रास मोजून समाधान मानण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, त्या भरणारा त्या वाचतो काय, आणि वाचून ज्याचें नांव तींत नाहीं त्याच्या दारीं कोणी जातो काय.