क्ष-किरणांची साक्ष आणि डोळ्याचा कौल

राँटजेननें १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हां मानवी देहांत दडलेलें असें आतां फारसें उरणार नाहीं, असें लोकांस वाटलें. काचेवर उमटलेली छाया ही देहाची स्वतःची साक्ष. तींत साक्षीदाराचा लोभ नाहीं कीं वकिलाची मखलाशी नाहीं. परंतु ती साक्ष ऐकणारा न्यायाधीश, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा, कितपत भरंवशाचा, याची कसून चौकशी व्हावयास सुमारें पन्नास वर्षें लागलीं.

ती चौकशी झाली क्षयामुळें. छातीचीं चित्रें घेण्याच्या निरनिराळ्या पद्धतींपैकीं सरस कोणती, हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंत एक तुलना योजण्यांत आली. तिचा वृत्तांत १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. पाहावयाचें होतें यंत्रांतील अंतर, दिसून आलें तें माणसांतील. तींच चित्रें वाचणाऱ्या पांच तज्ज्ञांचीं मतें परस्परांपासून इतकीं दूर गेलीं, कीं पद्धतींमधील फरक त्यापुढें किरकोळ ठरला. इतकेंच नव्हे, कांहीं काळानें तेंच चित्र पुन्हां पुढें ठेवलें असतां तोच तज्ज्ञ आपलेंच पहिलें मत खोडून काढी! १९४९ सालीं सान फ्रान्सिस्कोच्या गार्लंडनें हिशेब मांडला, कीं रोगाची खूण असलेल्या चित्रांपैकीं शेंकडा तीसांच्या सुमारास चित्रांत ती नजरेंतून निसटते.

आमच्या देशांत हा वाद केवळ ग्रंथांतला नव्हता. १९५५ ते १९५८ च्या राष्ट्रीय क्षय-पाहणींत हजारों लोकांच्या छातीचीं लघुचित्रें घेण्यांत आलीं. १९६२ सालीं राज नारायण व सुब्रमण्यम् यांनीं एकाच चित्रावरून निदान करण्याच्या मर्यादा दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षय-कार्यक्रमानें थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवर मोठा भर दिला; स्वस्ताई हें त्याचें एक कारण होतेंच. सोलापुरासारख्या गिरण्यांच्या गांवीं या चुकीची किंमत काय, हें निराळें सांगावयास नको. छातींत केवळ जुना व्रण असलेल्या कामगारास क्षयी ठरवावें, तर त्याची रोजी जाते आणि मुलीचें लग्न अडतें. खऱ्या रोग्यास निरोगी म्हणून घरीं धाडावें, तर एका खोलींत निजणारीं त्याचीं मुलें त्याच्या खोकल्याच्या स्वाधीन होतात.

डोळा चुकतो तरी कसा? माखनें १८६५ सालींच दाखविलें होतें, कीं उजेड व अंधार यांच्या सीमेवर डोळा स्वतःच एक रेघ निर्माण करतो. हाडाच्या कडेवर अशी रेघ दिसली, म्हणजे धडधाकट हाडही मोडलेलें भासतें. परंतु याहून मोठा घोटाळा लक्षाचा आहे. आमच्या सात रस्त्यावर उभा राहून जो केवळ आपली रिक्षा शोधतो, त्याच्या पुढून सख्खा मेहुणा निघून गेला तरी त्याला कळत नाहीं. २०१३ सालीं बोस्टनच्या संशोधकांनीं फुप्फुसाच्या चित्रांत चक्क एका गोरिलाची आकृति घातली. तज्ज्ञ ज्या गांठी शोधीत होते, त्यांच्या सरासरी आकाराच्या अठ्ठेचाळीस पट ती मोठी होती. २४ तज्ज्ञांपैकीं २० जणांना ती दिसली नाहीं; आणि त्यांतील बारा जणांची नजर थेट तिच्यावर पडून गेली होती, असें डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रानें नोंदविलें.

म्हणून अशा प्रत्येक चुकीला हलगर्जीपणा म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. दोन वैद्यांनीं स्वतंत्रपणें चित्र वाचावें, हा उपाय जुना व चांगला आहे. पण जेथें एकच तज्ज्ञ मिळण्याची मारामार, तेथें दुसरा आणावयाचा कोठून? मुंबईंत २०१६ सालीं स्थापन झालेल्या क्यूर.एआय या कंपनीची संगणक-प्रणाली हें दुसऱ्या वाचकाचें काम करूं पाहते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं पंधरा वर्षें व त्यापुढील वयाच्या लोकांच्या क्षय-चाळणीसाठीं या जातीच्या साधनांस अनुकूल मत दिलें. यंत्र थकत नाहीं, हें खरें. मात्र यंत्रानें खूण केलेल्या जागेवरच वैद्याची नजर खिळूं लागली, तर खूण न केलेल्या जागेकडे कोणीं पाहावयाचें, याचा बंदोबस्त आधीं झाला पाहिजे.