देवावरची फिर्याद : जालन्याच्या बेथेलचा इतिहास

आपल्याकडे धर्मांतराचा इतिहास लिहिणारे धर्मांतराच्या दिवशीच थांबतात. बाप्तिस्मा झाला, नाव नोंदले, प्रकरण संपले! त्यानंतरच्या निराशेचा इतिहास कोणी लिहीत नाही. नव्या देवानेही दिलेला शब्द पाळला नाही असे ज्यांना वाटले, त्यांनी त्या देवाचे काय केले? मराठवाड्यातील मांग-महार ख्रिस्त्यांच्या संदर्भात हा प्रश्न विचारायचा तर जालन्याजवळच्या बेथेलपासून प्रारंभ करावा लागतो.

बेथेल वसविले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर होता. परंतु तो अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून केवढे वादळ उठले, आणि त्याची बाजू घेतल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांवर सनातन्यांचा कसा रोष झाला, हे प्रसिद्धच आहे. याच नारायणरावांनी पुढे 1860 नंतरच्या काळात जालन्यात मिशनचे काम उभारले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली, आणि गावकुसाबाहेरच्यांचे एक गाव उभे केले. बेथेल म्हणजे देवाचे घर. बायबलात हे नाव ठेवतो याकोब. घरातून पळालेला, उशाला धोंडा घेऊन माळावर निजलेला माणूस. मांगवाड्यातून आलेल्याला ही गोष्ट फार फोड करून सांगावी लागली नसेल.

पण देवाच्या घरालाही दुष्काळ चुकला नाही. 1876-78 चा दुष्काळ निजामाच्या मुलखाने सोसला. नारायणराव 1891 साली वारले आणि त्यानंतर 1899-1900 चा महादुष्काळ आला. पाऊस काही ख्रिस्त्यांच्या शेतावर वेगळा पडला नाही. 'पोटासाठी बाटले' असे म्हणणाऱ्या सवर्ण पंडितांनी एवढा विचार करावयास हवा होता की, पोट न भरताही माणसे त्या धर्मात का राहिली.

बाबासाहेबांनी या ख्रिस्त्यांची चिकित्सा केली आहे आणि ती बोचरी आहे. 1989 साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ती प्रसिद्ध झाली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याच्या अधोगतीचे कारण त्याचे पूर्वकर्म, ख्रिस्ती झाला की कारण आदिपुरुषाचे पाप. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी, आणि त्याला चिरडणारी समाजव्यवस्था मोकळी. हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. आपल्या चोखोबांचे काय झाले? विठ्ठलाशी भांडता भांडता त्यांच्या काही अभंगांत तक्रार पूर्वजन्मीच्या दोषापाशी येऊन विझते. मुलगा कर्ममेळा मात्र बापापेक्षा कडवट निघाला.

तथापि मिशनऱ्यांनी पापाच्या प्रवचनाबरोबर आणखी एक गोष्ट या माणसांच्या हाती दिली. तिची धार त्यांनाही पुरती कळली होती असे वाटत नाही. ती म्हणजे ईयोबाचे पुस्तक. ईयोबाचे सर्वस्व गेले, लेकरे गेली, अंगावर फोड आले. तीन मित्र समजूत घालावयास आले आणि म्हणू लागले, तुझेच काही पाप असले पाहिजे. हे मित्र म्हणजे साक्षात कर्मविपाकाचे शास्त्री! ईयोब ऐकत नाही. तो देवावर फिर्याद मांडतो, माझ्यावरचा आरोप लेखी द्या म्हणतो. आणि शेवटी देव कोपतो तो मित्रांवर. स्तोत्रसंहितेतही तक्रारीची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत. निराश होणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे, तर देवाला जाब विचारणे, हा मार्ग त्या धर्मग्रंथातच होता. आमच्यातील काही बौद्ध मित्र ख्रिस्ती बांधवांना 'अजून देवातच अडकलात का?' म्हणून हसतात. देव नाकारून मोकळे होण्याचा मार्ग 1956 साली बाबासाहेबांनी दाखविला आणि तो आम्हांला अधिक सरळ वाटतो. परंतु देवाला सोडले नाही म्हणून भांडणही सोडले असे होत नाही.

ईयोबाला हवा असलेला लेखी आरोप बेथेलच्या वंशजांना मिळाला, तो मात्र देवाकडून नव्हे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्मीय अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे ठरले. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध आत घेतले गेले; ख्रिस्ती बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारे सूसाई या अन्यायाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. चांभारांना मिळणारी टपरी त्यांना नाकारली गेली होती, कारण ते ख्रिस्ती. 1985 साली निकाल लागला : धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढाच तीव्र राहतो याचा पुरेसा पुरावा नाही, सबब अर्ज नामंजूर. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाचा अहवाल आला. त्यात धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस होती. 2022 साली केंद्राने त्याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला.